खरात सरांचा बुधवार

खरात सरांसमोर 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "सर, साधारण पाचेक वाजता येतो," की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "पाच की सव्वापाच?" समोरचा हसून वेळ मारून न्यायला बघायचा. सर हसत नसत. त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं. एकदा ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता. "वीस-पंचवीस तुकडे करा," असं कुणीतरी म्हणालं. सरांनी उठून माणसं मोजली. सतरा भरली, खालचा वॉचमन धरून अठरा. मग त्यांनी हातात सुरी घेतली आणि बरोबर अठरा तुकडे केले, सगळे सारखे. मालकसुद्धा मुकाट्यानं आपल्या वाट्याचा तुकडा घेऊन केबिनमध्ये गेले.

भीमराव खरात आमचे अकाउंट्सचे प्रमुख. कांजूरमार्गला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकायचा धंदा, मालक घाटकोपरचे, गोदाम भिवंडीला. वारा फिरला की डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास थेट आमच्या टेबलापर्यंत यायचा. बाकीचे नाकाला रुमाल लावून महापालिकेचा उद्धार करायचे. सर उठून खिडकी लावायचे आणि पुढच्या व्हाउचरवर टिक करायचे. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं होते. मी भांडुपची परब, घरात सगळे मालवणी, एका वाक्याच्या जागी चार वाक्यं बोलणाऱ्यातली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "किती व्हाउचर झाली?" मी म्हटलं, "होतील सर दोनशेच्या आसपास." ते म्हणाले, "परब, आसपास कोण राहतं ते मला नको सांगूस. मोज." एकशे सत्त्याऐंशी निघाली. त्यानंतर मी कधी आसपास म्हटलं नाही.

सगळ्यांना ते आडनावानंच हाक मारत, पण अरे-तुरे करून. साताऱ्याकडचं गाव, वडील महापालिकेत कामाला, सरांनी स्वतः दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गातून बी.कॉम. केलेलं. हे सगळं मला सात वर्षांत तुकड्यातुकड्यानं कळलं, कारण स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे त्यांना दुसऱ्याच्या वेळेची नासाडी वाटायची. डब्यात रोज तीन चपात्या. त्यातली एक अर्धी करून समोरच्याच्या डब्याच्या झाकणात ठेवायची, विचारायचं नाही. कुणी नको म्हटलं की म्हणायचे, "नको तर परत दे, पण ठेवू दे." कपाटात त्यांच्या पेन्सिली असत, सगळ्या टोक केलेल्या. जे पक्कं नाही ते पेन्सिलीनं लिहायचं, पक्कं झालं की पेन. कंप्युटर आल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. प्रिंट काढून त्यावर पेन्सिल चालायची.

त्यांचं खरं कर्तृत्व म्हणजे बुधवार.

मी नोकरीला लागले तेव्हा महिन्याचा हिशेब बंद व्हायला पुढच्या महिन्याची अठरा तारीख उजाडायची. गोदाम म्हणायचं माल गेला, विक्रीवाले म्हणायचे बिल झालं नाही, बँकेत भलतंच काहीतरी जमा. मग शेवटच्या दिवसांत आरडाओरड, एकमेकांच्या नावानं शिमगा, कुणीतरी बाथरूममध्ये जाऊन रडून यायचं. एकदा मीच आले होते. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, "या आठवड्यापासून बुधवारी जेवण झालं की सगळे मोठ्या टेबलाशी बसायचं. मोबाइल ड्रॉवरमध्ये. भिवंडीचा माणूस रजिस्टर घेऊन येईल. जेवढं जुळतं त्यावर बोलायचं नाही. जुळत नाही तेवढंच बोलायचं." आणि मग एक नियम सांगितला, तो मी आजही विसरलेले नाही. "कुणाची चूक ते कुणी विचारायचं नाही. कुठे आहे एवढंच सांगायचं."

पहिले चार बुधवार नुसता तमाशा होता. सवयच नव्हती ना. गोदामाचा माणूस चूक दिसली की आधी शपथा घ्यायचा. सर म्हणायचे, "अरे, तुला कुणी काही म्हणालं का? पान किती नंबरचं ते सांग." मालक वैतागले, भर दुपारी फोन कुणी उचलत नाही म्हणून. सरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "तीन महिने द्या. नाही जमलं तर बंद." तीन महिन्यांनी हिशेब पाच तारखेला बंद व्हायला लागला. मग मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला टेबल दाखवून सांगू लागले, "ये हमारा सिस्टम है." मला राग यायचा. मी सरांना म्हटलं, "सर, तुमचं डोकं आणि नाव त्यांचं?" सर म्हणाले, "चालतंय ना? मग झालं." ज्या बुधवारी फरक शून्य निघायचा त्या दिवशी ते स्वतः खाली जाऊन सगळ्यांसाठी गरम भजी आणायचे. कागदात तेल किती आलंय यावरून भजीवाल्याला दर वेळी बोलणी खायला लागायची.

आणखी एक रिवाज आमच्या ऑफिसात होता, तो दुसरीकडे मी कुठे बघितला नाही. नोकरी सोडून जायचं असेल तर आपला बायोडाटा आधी सरांना दाखवायचा. म्हणजे ज्याच्या हाताखालून पळायचं त्याच्याकडूनच पळायचा कागद तपासून घ्यायचा! सर पेन्सिल घेऊन बसत. "मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड" यावर सरळ काट. "हे तुझ्याबद्दल दुसऱ्यानं म्हणायचं असतं रे. तू काय केलंस ते लिही." एकानं लिहिलं होतं, 'अकाउंट्स सांभाळले.' सर म्हणाले, "सांभाळले म्हणजे काय? बाळ होतं का ते? किती बँकांचा ताळमेळ लावत होतास? महिन्याला बिलं किती? ऑडिटरनं हरकती किती काढल्या, त्यातल्या तू किती सोडवल्यास?" टॅली येतं असं लिहिलं की म्हणायचे, "किराणावाल्यालाही येतं. तू त्यात काय वेगळं केलंस?" छंदात 'वाचन' दिसलं की, "शेवटचं काय वाचलंस?" पोरगं छताकडे बघायचं. काट. पगार, धर्म, वडिलांचं नाव, सगळ्यावर काट. शेवटी एका पानावर यायचं. पण खाली 'वरील माहिती खरी आहे' ही ओळ आणि सही मात्र ते ठेवायला लावत. हल्ली कुणी लिहीत नाही म्हटलं तर म्हणायचे, "राहू दे. सही करताना क्षणभर हात थांबला तर बरं."

सात वर्षांत त्यांनी असे कितीतरी बायोडाटे सरळ केले. त्यातली मुलं आज अंधेरीपासून दहिसरपर्यंत चांगल्या जागांवर बसलीत. मीही बसले आहे. फक्त माझा बायोडाटा मी त्यांना दाखवला नाही.

कारण सांगते. अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत जागा निघाली होती. मी सरांच्या पद्धतीनं एक पान लिहिलं आणि वाचून माझंच तोंड उतरलं. चार बँकांचा ताळमेळ, जीएसटीची विवरणपत्रं, व्हाउचर. असलं प्रत्येकाकडे असतं. ओळखीतल्या एका नोकरी लावून देणाऱ्या बाईनं सांगितलं, "बघ, एक ओळ अशी हवी की वाचणारा तिथे थांबला पाहिजे. तू स्वतः उभं केलेलं काहीतरी." मी स्वतः उभं केलेलं काही नव्हतं. मग मी लिहिलं: दर आठवड्याच्या ताळमेळाची पद्धत आखली व राबवली, महिनाअखेरीचं क्लोजिंग अठरा दिवसांवरून पाच दिवसांवर आणलं. इंग्रजीत ते आणखी भारदस्त दिसत होतं. मी मनाला समजावलं की टेबलाशी मीही बसत होते, फरकाचा तक्ता मीच बनवत होते, म्हणजे अर्धं माझंच की. खाली सही केली. हात थांबला नाही.

इंटरव्ह्यूमध्ये नायर साहेब त्या एकाच ओळीवर वीस मिनिटं बोलले. नायर साहेब म्हणजे तिथले फायनान्सचे प्रमुख, जन्म चेंबूरचा, मराठी माझ्यापेक्षा साफ. मी फाडफाड उत्तरं दिली. का देणार नाही? सगळं सरांच्या तोंडून ऐकलेलं होतं. नोकरी मिळाली. तिथे मी बुधवार सुरू केला, तो चालला, आणि माझं नाव झालं. मजल्यावर मला 'बुधवारवाली मॅडम' म्हणतात. सरांना मी नोकरी लागल्याचे पेढे दिले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "बायोडाटा कुणी बघितला?" मी म्हटलं, "एका बाईंनी." ते म्हणाले, "बरा झाला असेल मग."

सहा वर्षं गेली. दिवाळीला फोन, कधी लग्नाकार्यात भेट, एवढंच. मग एका शनिवारी त्यांचा फोन आला. कंपनी बंद झाली होती. मालकाच्या मुलांना पंपात रस नव्हता. "परब, एक काम होतं. माझा बायोडाटा बघशील का? मला हल्लीचं काही कळत नाही." इतक्या लोकांचे कागद सरळ केलेल्या माणसाकडे स्वतःचा कागद नव्हता. शेवटचा त्यांनी केला तो चोवीस वर्षांपूर्वी टाइपरायटरवर. आता वय चोपन्न, मुलगी बारावीला, आणि घरी बसायची सवय नाही. योगायोग म्हणा, आमच्याच कंपनीत त्यांच्याजोगी जागा निघालेली होती. मी म्हटलं, "सर, उद्या येते. आमच्याकडेच टाकू."

मुलुंड पूर्वेला त्यांचं घर. वहिनींनी पोहे केले होते. सरांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला, एकच पान, सुंदर अक्षर, सगळं निळ्या पेनानं. कुठे फुगवटा नाही, कुठे साधारण नाही. आणि मधोमध एक ओळ पेन्सिलीनं: दर बुधवारची ताळमेळ बैठक सुरू केली, क्लोजिंग अठरा तारखेवरून पाच तारखेला.

हा कागद नायर साहेबांच्या टेबलावर जाणार. माझा कागद त्यांच्या फाइलीत आहे. तीच कंपनी, तेच आकडे, दोन माणसं. आमच्याकडे सीव्हीत खोटं सापडलं की माणूस त्याच दिवशी घरी जातो. गेल्याच वर्षी बोरिवलीच्या एका मुलीला मी स्वतः बोलावून पत्र हातात दिलं होतं, तिनं दोन वर्षांचा अनुभव जास्त दाखवला म्हणून. ती रडत होती आणि मी तिला प्रामाणिकपणावर ऐकवत होते.

सर म्हणाले, "ती मधली ओळ बघ. ठेवायची की काढायची ते तू ठरव."

मी म्हटलं, "सर, काढूया. हे आता सगळं सॉफ्टवेअर करतं. असलं लिहिलं की वय दिसतं. उगाच जुनाट वाटेल."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं. तुला कळतं त्यातलं." मग त्यांनी खोडरबर घेतला आणि ती ओळ माझ्यासमोर नीट, अक्षर न अक्षर पुसली. कागदावरचा चुरा तळहातावर घेऊन खिडकीतून बाहेर टाकला. मी पोहे खात होते. चांगले झाले होते, हेही मला आठवतं, याची लाज वाटते.

घरी येऊन मी त्यांचा सीव्ही टाइप केला. सुबक झाला. चोवीस वर्षांचा अनुभव, जीएसटी, ऑडिट, बँका. कुठेही नजर थांबणार नाही असा. ज्या माणसानं मला कागद वाचायला शिकवलं, त्याचा कागद मी जाणूनबुजून सपाट केला.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सर आमच्या ऑफिसात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. मला काचेतून दिसले. चाळीस मिनिटांनी बाहेर आले, मला हात केला आणि गेले. संध्याकाळी नायर साहेबांनी मला बोलावलं.

"माणूस सोन्यासारखा आहे गं," ते म्हणाले. "पण मी तीन वेळा विचारलं, चोवीस वर्षांत तुम्ही स्वतः उभं केलेलं एक काम सांगा. नुसतं म्हणतात, सगळ्यांनी मिळून केलं. या जागेवर मला असा माणूस नाही चालणार यार. मग मीच म्हटलं, परबनं तुमच्याकडे ती बुधवारची सिस्टीम बसवली ना? तर तेवढं मात्र लगेच बोलले. हो, तिनंच बसवली म्हणाले. तुला घेतलं तेव्हा आपल्या एचआरनं त्यांना फोन केला होता, तेव्हाही हेच बोलले होते. फाइलीत नोंद आहे बघ. तुझ्याबद्दल बोलताना काय खूश होते!"

मी उभी होते. खुर्चीची पाठ धरून. ती पेन्सिलीची ओळ मला आत्ता कळत होती. सहा वर्षं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला त्या ओळीवर विचारलं होतं, आणि मी पोहे खात खात उत्तर दिलं होतं. अजूनही बोलता आलं असतं. 'साहेब, ती पद्धत त्यांची आहे,' एवढं पाच शब्दांचं वाक्य. नायर साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, चांगले आहेत सर." मग त्यांनी दुसऱ्या उमेदवाराचा कागद पुढे ओढला.

तीन आठवडे मी सरांना फोन केला नाही. आई रोज विचारायची, "तुज्या त्या सरांचा काय झाला गो? गावली नोकरी?" माझ्या बाबांना ॲडमिट केलं होतं तेव्हा सर दोन दिवस हॉस्पिटलचे कागद नाचवत फिरले होते, ते तिनं धरून ठेवलेलं. मी म्हणायचे, "बघतायत अजून." शेवटी एका शनिवारी सकाळी उठले आणि मुलुंडला गेले. सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेले.

वहिनींनी सांगितलं, ते शेजारच्या सोसायटीच्या ऑफिसात आहेत. तीन सोसायट्यांचे हिशेब घेतले होते त्यांनी. तळमजल्यावर पाण्याच्या पंपाच्या बाजूला दहा बाय आठची खोली, एक टेबल, कोपऱ्यात गणपतीच्या मंडपाचे बांबू. सर मेंटेनन्सच्या पावत्या लावत बसले होते. मला बघून दुसरी खुर्ची पुसली.

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. "सर, ती ओळ मी माझ्या बायोडाटात लिहिली होती. तुमची. म्हणून तुमच्यातून काढली. वय-बिय सगळं थाप होती. मी सोमवारी नायर साहेबांना सगळं सांगणार आहे. माझं जे व्हायचं ते होऊ दे."

सरांनी हातातल्या पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं.

"परब, तुला घेताना तुमच्या एचआरच्या मुलीचा फोन आला ना, तेव्हा बुधवार होता. सगळे टेबलाशी बसलेले. ती म्हणाली, ही पद्धत परबनं बसवली का, फक्त हो की नाही सांगा. मी हो म्हटलं. मग तीन आठवड्यांपूर्वी तुझ्या साहेबांसमोर परत म्हटलं. आयुष्यात खोटं बोललो ते तेवढंच, दोन वेळा. तू सोमवारी जाऊन खरं सांगितलंस तर तू मोकळी होशील. खोटा कोण ठरेल?"

"पण सर, तुमची नोकरी..."

"ती जागा भरली ना?"

"भरली."

"मग आता सांगून काय? फाइलीत माझ्या नावानं लिहून ठेवलंय, खरात म्हणाले हो. या लाइनीत माझ्याकडे दुसरं आहे काय? माझा शब्द खरा असतो एवढंच लोकांना माहीत आहे. ते तरी राहू दे. सांगू नकोस."

मी आजपर्यंत नायर साहेबांना सांगितलेलं नाही. सरांनी नको म्हटलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत असते. पण ते "सांगू नकोस" म्हणाले त्या क्षणी माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले' हाच होता. सरांना तो माझ्या तोंडावर दिसला असणार. कारण त्यांनी झटकन मान खाली घातली आणि आधीच सारख्या केलेल्या पावत्या परत सारख्या करायला घेतल्या, मी निघेपर्यंत.